सतरा नंबरची बॅटरी आणि आमचे भाऊजी

आमचे भाऊजी कोणाच्याही घरी गेले की टेकायच्या आधी खिडकी उघडतात. बाहेर पाऊस असो, थंडी असो, घरमालकाचं नाक वाहत असो, त्यांना त्याचं सोयरसुतक नसतं. "हवा खेळती पाहिजे," एवढं म्हणतात आणि मग पाहुण्यासारखे बसतात. माझ्या थोरल्या बहिणीचं त्यांच्याशी लग्न होऊन एकतीस वर्षं झाली. या एकतीस वर्षांत ताईची सर्दी पूर्ण बरी झालेली मला आठवत नाही. "माणूस लाखात एक आहे रे, पण वारा फार," असं ती म्हणते आणि शिंकते.

भाऊजी आमच्याच कार्यालयात कामाला होते. मी तिसऱ्या मजल्यावर मुख्य कारकून, आणि ते तळघरात बॅटऱ्यांवर. आमचं कार्यालय नेमकं काय करतं हे मला विचारू नका. बावीस वर्षं तिथे काढली, पण धड सांगता यायचं नाही. एवढं खरं, की वीज गेली तरी आमचं काम थांबता कामा नये असा वरून आदेश होता, आणि त्यासाठी तळघरात लोखंडी मांडणीवर दोन ओळींत चोवीस बॅटऱ्या बसवलेल्या होत्या. वीज गेली की या बॅटऱ्यांवर संगणक चालत आणि साहेबांचा पंखा चालत असे. काम एरवी जितकं चाले तितकंच चाले.

या चोवीस बॅटऱ्यांवर भाऊजींचा पोटच्या पोरांसारखा जीव होता असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं आहे. भाऊजींना बॅटऱ्यांची भीती वाटत असे. चांगली, निरोगी, पुरेपूर भीती. रोज सकाळी ते आधी एक्झॉस्ट पंखा लावायचे, दार सताड उघडायचे, पाच मिनिटं बाहेर उभे राहायचे आणि मग आत शिरायचे. हातातली अंगठी, घड्याळ, खिशातल्या किल्ल्या असं जे जे धातूचं अंगावर असेल ते बाहेर एका डब्यात. मग डोळ्यांवर भलामोठा चष्मा, कोपरापर्यंत रबरी हातमोजे आणि गळ्यापासून गुडघ्यापर्यंत रबरी ॲप्रन. पान्याच्या दांड्याला त्यांनी स्वतः चिकटपट्टी गुंडाळली होती, हातातून निसटून दोन टोकांवर आडवा पडला तर ठिणगी उडू नये म्हणून. आणि कोपऱ्यात खाण्याच्या सोड्याचा डबा. ॲसिडचा थेंब फरशीवर पडला की त्यावर सोडा. सोडा फसफसायचा. फसफस थांबेपर्यंत सोडा घालत राहायचं आणि मग पाण्याने धुवायचं. ताईच्या स्वयंपाकघरातला सोडा कधी जागेवर सापडत नसे तो याच कारणाने.

कोणी तळघरात डोकावलं की भाऊजी हात वर करून म्हणायचे, "जरा लांबून." सिगारेट ओढणारा दिसला की, "जरा लांबून." साहेबांचा ड्रायव्हर, पाणी भरणाऱ्या बाई, कोणालाही तेच. त्यामुळे सगळं कार्यालय त्यांना लांबूनराव म्हणायचं. मीही हसायचो. मेव्हणा या नात्याने मी सगळ्यांत मोठ्याने हसायचो, नाहीतर लोकांना वाटलं असतं मी त्यांची बाजू घेतोय.

ही भीती त्यांना कुठून लागली ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी ते एका गॅरेजमध्ये बॅटऱ्या चार्ज करायचे. मालक सकाळी आला, बॅटरीचं झाकण काढलं आणि पाणी किती आहे ते दिसेना म्हणून काडी ओढली. "चार्ज होताना गॅस निघतो ना आतून," भाऊजी म्हणाले. "डोळ्यांना दिसत नाही. काडीला दिसतो." मालकाचा चेहरा पुढे तीन महिने पट्ट्यांत होता. बरा झाल्यावर तो म्हणाला, बॅटरीच खराब होती. भाऊजींनी त्याच दिवशी नोकरी सोडली.

आमच्या कार्यालयात मात्र सुरक्षिततेवर फार भर. दरवर्षी आठवडाभर सुरक्षितता पाळली जाई. उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांचं काही ठरलेलं नव्हतं. साहेब सभागृहात भाषण करायचे, चहा व्हायचा, आणि "सावधान! सुरक्षा आपल्या हातात" अशी मोठाली पोस्टरं इमारतभर चिकटवली जायची. भाऊजींना सभेला बोलावत नसत. खुर्च्या कमी पडायच्या. एका वर्षी तर एक पोस्टर नेमकं तळघराच्या हवा बाहेर जायच्या जाळीवर चिकटवलं, कारण इमारतीच्या मागच्या भिंतीवर चौकोनी अशी ती एकच जागा होती. भाऊजींनी ते फाडून काढलं. त्याबद्दल त्यांच्याकडून खुलासा मागवण्यात आला. "सुरक्षाविषयक साहित्याची नासधूस का केली" असा मजकूर होता, आणि तो, सांगायला लाज वाटते, माझ्याच हातचा होता.

आता सतरा नंबरकडे येतो.

चोवीस बॅटऱ्यांतली सतरावी बॅटरी बिघडायला लागली तेव्हा भाऊजींच्या निवृत्तीला वर्ष होतं. आधी ती इतरांपेक्षा जास्त तापायला लागली. मग तिचं पाणी लवकर आटायला लागलं. मग तिच्या बाजू फुगल्या आणि टोकांवर पांढरी-निळी भुकटी धरू लागली. भाऊजींनी लगेच लिहून कळवलं: सतरा नंबर बदलावी. कागद माझ्या टेबलावर आला, कारण सगळेच कागद माझ्या टेबलावर येतात. मी तो वाचला. वर तारीख होती, पण विषय लिहिलेला नव्हता. विषय नसलेला कागद साहेबांपुढे ठेवायचा म्हणजे काय? मी तो टेबलाच्या डाव्या खणात ठेवला. भाऊजी भेटले की सांगू, असं ठरवलं.

दुसरा कागद आला. त्यावर विषय होता, पण पहिल्या कागदाचा संदर्भ दिला होता, आणि पहिला तर अजून नोंदलाच गेला नव्हता. तो नोंदल्याशिवाय दुसरा कसा नोंदणार? दुसराही खणात गेला. तिसरा हिरव्या शाईत होता, आणि हिरवी शाई फक्त साहेबांसाठी. चौथ्यात "बहुतेक फुटेल" असं होतं. "बहुतेक" हा काय शब्द झाला? असे करत करत दहा महिन्यांत अकरा कागद झाले. खरं कारण सांगायचं तर शाई नव्हे आणि संदर्भही नव्हे. साहेबांना तक्रारी आवडत नसत, आणि मेव्हणा आपल्या भाऊजींचे कागद पुढे रेटतो असं कोणी म्हणू नये ही मला धास्ती. मी नियमाने वागणारा माणूस म्हणून प्रसिद्ध होतो. ती प्रसिद्धी मला भाऊजींच्या बॅटरीपेक्षा मोठी वाटली. यात माझा पळपुटेपणा होता आणि तो मला तेव्हाही कळत होता.

भाऊजी दर वेळी विचारायचे, "पोचला का रे वर?"

मी म्हणायचो, "प्रक्रियेत आहे, भाऊजी."

आणि त्यांचं समाधान व्हायचं. चौकीदाराला ते अभिमानाने सांगायचे, "माझा मेव्हणा बसलाय वर. आपला कागद अडायचा नाही." चौकीदारानेच मला हे एकदा सांगितलं. मी घाईत आहे असं दाखवून पुढे गेलो.

भाऊजींच्या निवृत्तीला दोन महिने उरले आणि मोठे साहेब तपासणीला येणार असं कळलं. आमच्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. भिंतींना रंग लागला, कुंड्या आल्या, आणि तपासणीच्या वेळी वीज गेली तर अंधार नको म्हणून हुकूम सुटला की बॅटऱ्या दोन दिवस सतत चार्जिंगवर ठेवा. भाऊजी खाली गेले तर सतरा नंबरच्या कडेला बोटभर तडा गेलेला, खाली फरशी ओली, आणि खोलीत सडक्या अंड्यासारखा वास. त्यांनी कोणाला विचारलं नाही. चार्जर बंद केला. दार उघडं टाकून बाहेर थांबले. वास गेल्यावर सगळी साधनं चढवून आत गेले, सतरा नंबरच्या जोडण्या सोडवल्या, तिच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली, आणि चौकीदाराला हातमोजे घालायला लावून दोघांनी ती उभीच्या उभी, जराही न कलंडू देता, उचलून एका मोठ्या प्लास्टिकच्या टबमध्ये ठेवली. टब ताईचा होता, कपडे भिजवायचा, जांभळ्या रंगाचा. हातगाडीवरून तो टब त्यांनी सायकल स्टँडमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेला. शेड तिन्ही बाजूंनी उघडी, त्यामुळे वारा भरपूर. बाजूने दोरी बांधली, दोरीला पाटी लावली: "खराब बॅटरी. ॲसिड आहे. हात लावू नका." उरलेल्या तेवीस आपसात जोडून दिल्या आणि चार्जर त्या मानाने कमी करून लावला. त्या दिवशी घरी जाताना ते शीळ घालत होते असं ताई म्हणते.

मोठे साहेब आले. वीज गेली नाही. सगळं सुरळीत चाललं होतं. पण आमच्या साहेबांना कुठून बुद्धी झाली कोण जाणे, ते मोठ्या साहेबांना तळघर दाखवायला घेऊन गेले. मोठ्या साहेबांना बॅटरीतलं काही कळत नव्हतं, पण त्यांना मोजता येत होतं. त्यांनी मोजलं आणि विचारलं, "कागदावर चोवीस आहेत. एक कुठे गेली?"

झालं. मोठे साहेब गेल्यावर आमच्या साहेबांनी मला बोलावून मजकूर सांगितला आणि मी तो टाईप केला: "कार्यालयीन मालमत्तेचे विनापरवाना स्थलांतर." चौकशी बसली. निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली की सगळे कागद अडकून पडतात, आणि चौतीस वर्षांच्या नोकरीवर शेवटचा शेरा चोराचा लागतो. ताई त्या संध्याकाळी माझ्याकडे आली. मी सडाफटिंग, दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत राहतो. ती बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "त्यांनी काही केलं नाही, हे तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे गं."

"मग झालं तर. तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे."

मला त्या वेळी खणातल्या अकरा कागदांबद्दल सांगता आलं असतं. मी तिला चहा विचारला.

चौकशीत मुद्दा असा निघाला: बॅटरी हलवली तेव्हा ती खराब होती का? खराब असेल तर भाऊजी सुटतात, चांगली असेल तर अडकतात. आता एखादी वस्तू खराब आहे हे ठरवायचा अधिकार आमच्याकडे फक्त नादुरुस्ती समितीला. समितीची बैठक तिसऱ्या मजल्यावर सभागृहात भरते, आणि वस्तू समितीपुढे समक्ष हजर करावी लागते. मोडक्या खुर्च्या, जळके पंखे, पाय नसलेली कपाटं, सगळी आजवर अशीच वर गेलेली. हिरवं कापड घातलेल्या टेबलावर वस्तू ठेवायची, तिघांनी तिच्याभोवती एक फेरी मारायची आणि मग ती खराब होते.

भाऊजींनी हे ऐकलं आणि ते पहिल्यांदाच साहेबांच्या खोलीत न विचारता शिरले. मी तिथेच होतो.

"साहेब, ती बॅटरी वर आणू नका. तडकलीय ती. तुम्ही खाली या. दहा पावलं लांबून बघा, दिसेल सगळं."

साहेब म्हणाले, "समिती बॅटरीकडे जात नसते. बॅटरी समितीकडे येते."

"कलंडली तर सांडेल ना, साहेब. ॲसिड आहे."

"मग कलंडू देऊ नका."

"मी तिला जिन्यावरून आणणार नाही," भाऊजी म्हणाले. आवाज चढवला नाही. "लिफ्टमधूनही नाही. बंद जागेत तर नकोच. मला काय शिक्षा द्यायची ती द्या."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी ते वाक्य टिपून घेतलं: "अपचारी यांनी पुरावा सादर करण्यास नकार दिला."

बैठक साडेअकराला होती. भाऊजींना बाहेर बाकावर बसवून ठेवलं. दोन्ही शिपायांनी बॅटरीला हात लावायला साफ नकार दिला, कारण भाऊजींनी त्यांना गेली वीस वर्षं घाबरवून ठेवलं होतं. साहेब घड्याळ बघू लागले. आणि मी, बावीस वर्षांत कधी फायलीपेक्षा जड काही न उचललेला मी, म्हणालो, "मी आणतो, साहेब." मला वाटलं, बॅटरी एकदा टेबलावर आली की तिचा तडा दिसेल, भाऊजी सुटतील, आणि खणाची भानगड कोणाला कळणारही नाही. सगळं एका फेरीत मिटेल.

फायली ढकलायची गाडी घेऊन मी शेडमध्ये गेलो. दोरी ओलांडली. बॅटरी टबमध्ये निमूट बसलेली होती. टबच्या तळाशी थोडं पाणी साचल्यासारखं दिसत होतं. टबसकट उचलणं सोपं होतं, टबला दोन चांगले कान होते. पण तेवढ्यात माझ्या मनात आलं, की टब खाजगी आहे. कार्यालयाच्या कुठल्याही नोंदीत हा जांभळा टब नाही. समितीने विचारलं, ही वस्तू कोणाची, तर मी काय उत्तर देणार? उद्या या टबवरूनच दुसरी चौकशी लागायची. म्हणून मी बॅटरी टबच्या बाहेर काढायची ठरवली. हे मी आज लिहितोय तेव्हा माझ्या कानशिलात वाजवावीशी वाटते, पण त्या क्षणी मला ते फार बारकाईचं आणि शहाणपणाचं वाटलं होतं.

बावीसेक किलो असेल. बॅटरी उचलायला तिलाच बसवलेली दोरीची मूठ होती, तीत हात घालून मी ती ओढली. एक बाजू उचलली, दुसरी अडकली, आणि ती कलंडली. तडा उघडला. दोरी हातातून सुटली आणि बॅटरी धप्पकन परत टबमध्ये पडली. तळाचं जे पाण्यासारखं होतं ते उडालं. उजव्या डोळ्यात कोणीतरी निखारा ठेवला असं झालं. मी ओरडलो. दोन्ही हात डोळ्याकडे गेले, आणि हातांनाही तेच लागलेलं होतं.

"हात खाली! डोळा चोळू नकोस! हात खाली घे!"

भाऊजी होते. मला गाडी घेऊन लिफ्टमध्ये शिरताना त्यांनी बाकावरून पाहिलं होतं आणि ते तीन मजले जिन्याने धावत आले होते, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. सायकली धुवायच्या नळाला रबरी पाइप होता. त्यांनी मला दंडाला धरून ओढत तिथे नेलं, चौकीदाराला नळ सोडायला सांगितलं, माझं डोकं उजवीकडे वाकवलं, म्हणजे धुतलेलं पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही, आणि दोन बोटांनी माझी पापणी फाकवून धरली. पाण्याची धार हळू. आधी डोळ्यावर, मग गालावर, हातांवर, परत डोळ्यावर. चौकीदाराने माझा शर्ट कापून काढला.

"बघ, इकडे बघ. आता वर. आता खाली. डोळा फिरव."

"जळतंय, भाऊजी."

"जळू दे. उघडा ठेव."

तोवर वरचं सगळं कार्यालय खाली उतरलं होतं. कोणीतरी ओरडलं, "सोडा! सोडा घाला डोळ्यात, लांबूनराव सोडाच घालतात!" भाऊजी इतक्या जोराने ओरडले की मी दचकलो. "सोडा फरशीला! डोळ्यात फक्त पाणी! एक जण जरी सोडा घेऊन आला तर याद राखा!"

साहेब पुढे आले. "हे काय पाणी मारत बसलात? गाडी काढली आहे. ताबडतोब दवाखान्यात न्या."

"वीस मिनिटं, साहेब."

"मी सांगतोय, आत्ताच्या आत्ता!"

"दवाखान्यात जाईपर्यंत ते खात राहील आतून. आधी पाणी, मग डॉक्टर. गाडी चालू ठेवू नका, उभी ठेवा. आणि तुम्ही जरा लांबून."

साहेब लांब झाले. इतक्या वर्षांत मी त्यांना कोणाच्या सांगण्यावरून मागे सरकताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही पाहिलं नाही, कारण माझा एक डोळा पाण्यात होता आणि दुसरा भाऊजींच्या छातीत. चौकीदार घड्याळ बघून मिनिटं सांगत होता. भाऊजींची बोटं वीस मिनिटांत एकदाही हलली नाहीत. मला रडू येत होतं, पण इतक्या पाण्यात ते कोणाला कळणार.

डॉक्टरांनी डोळा तपासला. बुबुळ वरवर भाजलं होतं, पापणी आतून सोलली होती. "नजर राहील," ते म्हणाले. "लगेच धुतला का? किती वेळ?" वीस मिनिटं म्हटल्यावर त्यांनी मान वर केली. "कोणी धुतला?" मी म्हटलं, बॅटरीवाल्याने.

पट्टी लावून मला घरी सोडलं. चौदा दिवस औषधाचे थेंब, आठ, बारा, चार, आठ अशा वेळा. हे काम भाऊजींनी कोणाला दिलं नाही, ताईलाही नाही. चौकशी संपेपर्यंत त्यांना घरीच बसवलेलं होतं, तेव्हा वेळ होता. दोन गल्ल्या चालत यायचे, हात साबणाने धुवायचे, थेंब घालायचे. डोक्यावर चौकशी टांगलेली असताना या माणसाला माझ्या डोळ्याची काळजी पडली होती. मला उशीवर डोकं ठेवायची शरम वाटायची.

पाचव्या दिवशी दुपारी साहेब आले, हातात फळांची पिशवी आणि बगलेत फाईल. भाऊजी नुकतेच बाराचे थेंब घालायला आलेले, ताई खिचडी घेऊन आलेली. साहेबांनी तब्येतीची चौकशी केली, फाईल उघडली, पेनचं टोपण काढलं आणि कागदावर बोट ठेवलं. "इथे सही. तुमचा जबाब आहे. तुम्हाला दिसत नसेल म्हणून मीच तयार करून आणला."

"वाचून दाखवा, साहेब."

साहेबांनी वाचलं. बराचसा मजकूर मी टाईप केल्यासारखाच होता. शेवटचं वाक्य असं होतं: "सदर बॅटरी तिच्या मूळ जागी असती, तर सदर अपघात घडला नसता."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आणि त्या वाक्यावर सही झाली की भाऊजी गेले. विनापरवाना स्थलांतर आणि वर सहकाऱ्याला इजा.

भाऊजी औषधाची बाटली हातात घेऊन उभे होते. ते म्हणाले, "कर सही. उगीच साहेबांशी वाकडं नको घेऊस माझ्यापायी. माझे अकरा कागद आहेतच वर. चौकशीत निघतील."

ताई म्हणाली, "हो ना. लेखी दिलंय त्यांनी सगळं."

मी पेन हातात घेतलं होतं. ते मी चादरीवर ठेवलं.

"साहेब, एक वाक्य वाढवा," मी म्हणालो. "बॅटरी खराब आहे असं यांनी दहा महिन्यांत अकरा वेळा लिहून कळवलं. अकराही कागद माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहेत. मी एकही वर पाठवला नाही. आणि बॅटरी टबमधून मीच काढली. पाटी वाचली होती, तरी काढली."

साहेबांनी टोपण लावलं. "औषधाने गुंगी येते कधीकधी. मी उद्या येतो."

"थेंबांनी गुंगी येत नाही, साहेब. तुम्ही लिहीत नसाल तर मी लिहितो. डावा डोळा चांगला आहे माझा."

साहेब गेले. फळं विसरली की ठेवली, माहीत नाही. ताई भांडं हातात धरून तशीच उभी होती. मी भाऊजींकडे बघत नव्हतो, पण त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"एकही नाही?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही."

"प्रक्रियेत आहे म्हणायचास."

मी चादरीची सुरकुती सरळ करत राहिलो.

"मी त्या चौकीदाराला सांगायचो रे," भाऊजी म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. मग ते वाकले. त्यांनी माझी पट्टी सोडवली, पापणी खाली ओढली आणि थेंब नेमका कोपऱ्यात घातला.

"मीट," ते म्हणाले. मग ताईला म्हणाले, "चल."

मी जबाब लिहून पाठवला. खण उघडला गेला, अकरा कागद निघाले. भाऊजींवरची चौकशी रद्द झाली आणि ते कुठल्याही शेऱ्याशिवाय निवृत्त झाले. सतरा नंबर बॅटरी, जुन्या बॅटऱ्या रीतसर मोडीत काढणाऱ्या परवानाधारक कारखान्याची माणसं टबसकट घेऊन गेली. मला मुख्य कारकुनाच्या खुर्चीवरून उठवून जावक विभागात पाकिटं चिकटवायला बसवलं, तिथे मी अजून आहे. समितीने नियमात दुरुस्ती केली: यापुढे बॅटरी समितीपुढे आणायची झाल्यास टबही कार्यालयाच्या नोंदीत असावा.

हे सगळं व्हायला महिना लागला. पण त्या दुपारनंतर उरलेले नऊ दिवस भाऊजी आठला आले, बाराला आले, चारला आले आणि पुन्हा आठला आले. एकदाही पाच मिनिटं उशीर झाला नाही. हात धुवायचे, पट्टी सोडवायचे. "उघड." थेंब. "मीट." पट्टी लावून निघून जायचे. नऊ दिवस मी त्यांच्या तोंडून हे दोनच शब्द ऐकले, आणि दोन्ही डोळ्याशी होते, माझ्याशी नव्हते.

पंधराव्या दिवशी औषध संपलेलं होतं. मला दोन्ही डोळ्यांनी दार स्वच्छ दिसत होतं. मी चार वाजेपर्यंत तिकडे बघत बसलो, मग आठ वाजेपर्यंत.